सांबरीच्या सड्याची मोजणी

“सायेब, त्या बाईंना सांगा, काठी जरा डाव्या अंगाला धरा म्हणावं.”

केरबा सपकाळ हे मला सांगत होते आणि ‘त्या बाई’ त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. वारा आला की त्यांच्या पदराचं टोक केरबांच्या दंडाला लागत होतं, इतक्या जवळ. तरी मी वळलो आणि म्हणालो, “सरपंचबाई, काठी जरा डावीकडे.”

“पोलीस पाटलांना सांगा,” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “काठी कुठं धरायची ते मला कळतंय. त्यांनी आपली साखळी ताणून धरावी. मघापास्नं झोळ पडलाय.”

मी तेही सांगितलं. सकाळपासून माझं हेच चाललं होतं. मोजणी कमी आणि निरोप जास्त.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. मी भूकरमापक म्हणून नोकरीला लागून सहा महिने झाले होते आणि शिवेची मोजणी एकट्यानं करायची ही माझी पहिलीच वेळ. माझं गाव अकोल्याकडचं. आमच्याकडे जमीन म्हणजे काळीभोर आणि सपाट. बांधावर उभं राहिलं की पार पलीकडच्या गावाचं देऊळ दिसतं. डोंगरावरची जमीन मोजायची म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सांबरीचा सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं एक उघडंबोडकं पठार. वर चढून गेलं की मैलभर पसरलेला जांभा खडक, त्यावर वीतभर माती, त्या मातीत कमरेपर्यंत गवत. झाड म्हणाल तर चार-दोन, तीही वाऱ्यानं वाकून म्हातारी झालेली. तिथं किल्ला नाही, देऊळ नाही, मोठा धबधबाही नाही, त्यामुळे बाहेरचं कुणी कधी येत नाही. उत्तरेला पायथ्याशी पाणेरी, दक्षिणेला चिवेघर. एसटीनं एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर आख्खा दिवस मोडतो, आणि सड्यावरून चालत गेलं तर दोन तास. पण चालत कुणी जात नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी गवताच्या कापणीवरून दोन्ही गावांत इथं मोठी मारामारी झाली होती. तेव्हापासून दोन्ही गावांनी वर पाय ठेवणंच टाकलं, असं कार्यालयातल्या जुन्या कारकुनांनी मला सांगितलं होतं. “जपून जा,” एवढं वर जोडून.

आता पाणेरीच्या नव्या सरपंच हौसाबाई शेलार यांनी मोजणीचा अर्ज दिला होता. शीव एकदा कायमची ठरवून द्या, म्हणून. अर्जात एक ओळ वेगळी होती: ‘चिवेघरतर्फे शिवेचे जाणकार म्हणून तेथील पोलीस पाटील श्री. केरबा सपकाळ यांस समक्ष हजर ठेवावे.’ मी त्याप्रमाणे नोटीस काढली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मोजणीच्या दिवशी तलाठीभाऊसाहेबांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. मग मी आणि आमच्या कार्यालयातले शिपाई लोखंडेमामा असे दोघंच मोजणीचं टेबल, साखळी आणि झेंड्या घेऊन पाणेरीच्या बाजूनं चढलो. हौसाबाई आमच्या पुढं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, काटक, पायात काही नाही. सोबत त्यांच्या गावचे दोन पंच. अर्ध्या चढावर मी धापा टाकत थांबलो, तर बाई म्हणाल्या, “सायेब, खडकाकडं बघून चढू नका. वर बघून चढा, म्हंजी पाय आपोआप येत्यात.”

“तुम्ही पुष्कळदा येता वाटतं इकडं?”

“यायची,” त्या म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

माथ्यावर पोचलो तर समोरून चिवेघरची माणसं येत होती. पुढं केरबा सपकाळ, मागं त्यांच्या गावचे दोन पंच. केरबांचं वय बेचाळीसच्या आसपास, उंच, डोक्याला घट्ट फेटा. त्यांनी मला रामराम केला, लोखंडेमामांना केला, पाणेरीच्या दोन पंचांनाही मान हलवून केला. हौसाबाईंच्या अंगावरून मात्र त्यांची नजर अशी गेली, जशी खडकावरून पाणी जातं. बाईंनी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघितलं.

लोखंडेमामा माझ्या कानाशी आले. “बाकीची माणसं ठीक हायेत. ह्या दोघांचं काही खरं नाही. जेवणाच्या आत उरका, साहेब.”

मला तेच हवं होतं. पण काम भराभर सरकेना. ब्रिटिशांच्या वेळचा नकाशा माझ्याकडं होता, त्यात शिवेचे पाच दगड दाखवलेले. दोन सापडले. तिसरा गवतात कुठंतरी बुडाला होता. केरबा म्हणत, “सायेब, सांगा त्यांना, दगड वरच्या टेपाडाला हाय.” बाई म्हणत, “सायेब, सांगा त्यांना, टेपाडाला न्हाई, टेपाडाच्या खाली, पाण्याच्या अंगाला.” दोघांनाही त्या सड्याचा इंच न् इंच माहीत होता. कुठला खळगा कोरडा, कुठं गवताखाली पाय फसतो, कुठं घोरपड बसते. मोजणीला आलेली माणसं जमिनीविषयी असं बोलत नाहीत. ती म्हणतात, आमचं इथपर्यंत, त्यांचं तिथपासून. ही दोघं मात्र एखाद्या घरातल्या वस्तूंविषयी बोलावं तशी बोलत होती. पण मी तेव्हा तरुण होतो आणि माझं सगळं लक्ष टेबलाच्या पातळीकडं होतं.

दहाच्या सुमारास मी वैतागून म्हणालो, “तुम्ही दोघंही शोधा, आपापल्या जागी. मी तोवर पश्चिमेच्या टोकाला झेंडी लावून येतो.”

“एकले जाऊ नका,” केरबा म्हणाले.

“तिकडं कडा हाय,” बाई म्हणाल्या.

त्या सकाळी दोघांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. तीही मी ऐकली नाही. ऊन लख्ख होतं, समोर सगळं मोकळं दिसत होतं. झेंडी खांद्यावर टाकली आणि निघालो.

खरं सांगायचं तर मला थोडं एकटं चालायचं होतं. खडकाच्या बशीएवढ्या खळग्यांत पाणी साठलं होतं आणि त्या पाण्याच्या कडेनं जांभळ्या-निळ्या फुलांचा नुसता सडा पडला होता. करंगळीच्या नखाएवढी फुलं. नंतर मला कळलं, त्यांना सीतेची आसवं म्हणतात. मध्येमध्ये पांढरे गेंद, बटणं टाकल्यासारखे. एक चंडोल वर वर जात गात होता आणि त्याच्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. मी उभा राहून बघत राहिलो. माझ्या गावाकडची माणसं ह्या जमिनीला पडीक म्हणाली असती. मीसुद्धा कालपर्यंत म्हटलं असतं.

आणि चंडोल गायचा थांबला.

मी वर पाहिलं तर आभाळ नव्हतंच. कोकणाच्या बाजूनं धुकं कडा चढून वर आलं होतं आणि माझ्याकडं चालत येत होतं. चालत म्हणजे अगदी चालत. त्याचे पाय दिसावेत इतकं. मी मागं वळेपर्यंत मागचंही सगळं पुसलं गेलं. हात लांब केला तर बोटं धूसर दिसायला लागली.

आल्या वाटेनं परत जाऊ म्हणून मी पन्नासेक पावलं टाकली. मग आणखी पन्नास. गवत संपलं, खडक लागला. बुटाखालचा एक खडा उडाला आणि मी त्याचा आवाज ऐकायला थांबलो. आवाज आलाच नाही.

माझ्या पायाखालची जमीन मी बसून हातांनी चाचपली. माझ्या पुढं अडीच हात खडक होता. त्याच्यापुढं हाताला वारा लागत होता. खालून वर येणारा, गार.

“लोखंडेमामा!” मी ओरडलो. आवाज कापसात गेल्यासारखा झाला.

थोड्या वेळानं कुठून तरी बाईंचा आवाज आला. “सायेऽऽब! हायसा का?”

“आहे! कड्यावर आहे! पुढं काही नाही!”

“बसा खाली! जागचं हलू नका! एक पाऊल टाकू नका!”

मी बसलेलोच होतो. मग आवाज थांबला. मला वाटलं, त्या निघाल्या असतील, पण धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही, एवढं मलाही समजत होतं. त्या माझ्याकडं येण्याऐवजी उलट्या गेल्या तर? किंवा त्याच कड्याकडं गेल्या तर?

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक हाक आली. माझ्यासाठी नव्हती ती. शब्दच नव्हते तिच्यात. एक लांब, चढत जाणारा सूर आणि शेवटी तुटलेला: “होऽऽऽऽ हुक!” गुरं राखणारे घालतात तशी.

ती हाक विरली. मग कितीतरी वेळ काही नाही. आणि मग बाईंच्या बाजूनं उत्तर आलं. दोन आखूड आणि एक लांब: “हुक! हुक! होऽऽऽ!”

पुन्हा शांतता.

“आक्का?” केरबांचा आवाज. जरा वेळानं पुन्हा, मोठ्यानं. “आक्का, तुझ्या डाव्या अंगाला पाणी हाय का?”

“हाय!”

“किती?”

“घोट्याएवढं!”

“वाहतंय का साचलंय?”

“वाहतंय, हळू!”

“मग तू म्हशीच्या डोहाच्या वर हाईस. पाणी सोडू नको. पाण्यासंगट खाली ये. मी उंबराकडनं येतो. सायेब मधी हाय आपल्या.”

“आले. तू उतारावर जपून ये, केरू. तिथं शेवाळ हाय.”

“ठावं हाय मला!”

“ठावं हाय म्हणतोस, आन् दोनदा पडलावतास तिथं!”

“एकदा!”

“दोनदा! दुसऱ्यांदा मीच उचलून आणलावता!”

कड्याच्या टोकावर, मरणाच्या अडीच हात अलीकडं बसून मी हे भांडण ऐकत होतो. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सकाळपासून मी कुणाचे निरोप कुणाला पोचवत होतो.

दोघं जवळजवळ एकदमच आली. धुक्यातून आधी एक हात आला आणि त्यानं माझा उजवा दंड धरला. मग दुसरा आला आणि त्यानं डावा. मला असं मागं ओढलं की झेंडी खाली गेली. तीही कुठं पडल्याचं ऐकू आलं नाही.

“एकले जाऊ नका म्हणून सांगितलं हुतं का न्हाई?” केरबा ओरडले.

“कडा हाय म्हणून मी सांगितलं हुतं का न्हाई?” बाई ओरडल्या.

“शिकलेली माणसं!” केरबा म्हणाले.

“ऐकत्यात कुठं!” बाई म्हणाल्या.

माझे दोन्ही दंड अजून त्यांच्या हातात होते. मला धरून ठेवलंय हे ती दोघं विसरलीच असावीत. एका अंगठ्याचं नख माझ्या सदऱ्यातून रुतत होतं. मी म्हणालो, “मी आता ठीक आहे.” तेव्हा दोघांनी हात सोडले. आणि हात सोडल्यावर मधे काही उरलं नाही, म्हणून दोघांनी पुन्हा तोंडं फिरवली.

धुकं हलेना. आम्ही कड्यापासून आत येऊन एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसलो. मी मधे, ती दोघं दोन बाजूंना. केरबांनी तंबाखूची चंची काढली, उघडली आणि तशीच बंद केली.

“सायेब,” बाई म्हणाल्या, “शीव ठरली का?”

“नाही हो. तिसरा दगडच सापडला नाही.”

“म्हंजी आपण बसलोय ही जागा आत्ता कुणाची? पाणेरीची का चिवेघरची?”

“मोजणी पुरी होऊन सह्या होईपर्यंत मला सांगता यायचं नाही.”

“कुणाचीच न्हाई, असं म्हणा की.”

“तसं म्हणा.”

“मग झालं.” त्या माझ्यावरून वाकून भावाकडं बघत म्हणाल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्या त्याच्याकडं नीट बघत होत्या. “केरू, तू म्हणलावतास, पाणेरीच्या शिवेत पुन्हा पाय ठेवणार न्हाई. ठेवलास का? न्हाई ठेवलास. मी म्हणले हुते, माझा भाऊ न्यायला आल्याबिगर माहेरचा उंबरा चढणार न्हाई. मी बी न्हाई चढले. तुझं तुझ्याजागी ऱ्हायलं, माझं माझ्याजागी. हितं तर बोलशील?”

केरबा चंचीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

“अजून राग हाय का रं?”

“राग?” केरबा एकदम माझ्याकडं वळले, जणू हे तिला सांगता येण्यासारखं नव्हतंच. “सायेब, गवतावरून मारामारी झाली तवा मी वीस वर्सांचा हुतो. दोन्हीकडनं पन्नास-साठ माणसं, काठ्या चालल्यात, कोण कुणाला मारतंय कळत न्हवतं. मी एक काठी हाणली. समोरचा खाली बसला. फेटा सुटला तवा बघितलं तर दाजी. हिचा नवरा. उजवा हात कोपरापास्नं मोडला, तो परत सरळ झाला न्हाई. ज्या माणसानं मला पहिली चप्पल घेऊन दिली, त्याचा.” ते थांबले. “कुठल्या तोंडानं जाणार हुतो मी तिच्या दारात? लोकं म्हणाली, केरबाचा राग मोठा. म्हणू दिलं. लाज मोठी हाय म्हणण्यापरीस बरं.”

हौसाबाईंनी हात लांब करून, माझ्या पाठीमागून, भावाच्या फेट्यावर एक टपली मारली. जोरात. फेटा वाकडा झाला.

“येडा कुठला,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता आणि त्या हसत होत्या. “बावीस वर्सं मला वाटतंय, मी सासरच्या बाजूनं बोलले म्हणून हा रुसला. बावीस भाऊबिजा! दरसाल मी आंगणात ताट घेऊन उभी. मालक म्हणायचे, ‘आत ये, दव पडतंय.’ आन् हा तिकडं लाजून बसलाय!”

“दाजी काय म्हणत्यात?” केरबांनी खाली बघतच विचारलं.

“काय म्हणणार? अर्ज त्यांनीच लिव्हलाय.”

“कसला अर्ज?”

“मोजणीचा. डाव्या हातानं लिव्हत्यात आता, छापल्यावाणी अक्षर येतं. सरपंच झाले तवा मी म्हणले, आता माझ्या सहीला वजन हाय, त्याचा काय उपयोग करू सांगा. मालक म्हणले, ‘तुझा भाऊ माझ्या शब्दानं येणार न्हाई, तुझ्याबी न्हाई. सरकारची नोटीस आली तर पोलीस पाटलाला यावंच लागंल.’ शीव कुणाला मोजायची हुती रं? बावीस वर्सं गवत वाळून चाललंय, कुणाला पडलीय शिवेची?”

मी हातातल्या नकाशाकडं पाहिलं. मग बाईंकडं.

“सरपंचबाई,” मी म्हणालो, “म्हणजे ही सगळी मोजणी…”

“तुमी मोजा की सायेब. मोजू नका असं मी कुठं म्हणते?” त्यांनी डोळे पुसले. “पण तुमी न ऐकता कड्याकडं गेलात, हे लई बेस केलंत. न्हाईतर हा दिवसभर तुमच्याच तोंडानं बोलला असता.”

केरबा उठले. फेटा सारखा करायचा म्हणून काढला, पण डोक्याला बांधला नाही. हातात धरूनच ते बहिणीसमोर आले आणि खाली वाकून त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मी दुसरीकडं बघितलं. दुसरीकडं धुक्याशिवाय काही नव्हतं, पण मी ते नीट लक्ष देऊन बघितलं.

“आक्का, चल,” ते म्हणाले. “न्यायला आलोय.”

“आत्ता?”

“आत्ता. बावीस वर्सं झाली, आनी किती थांबू?”

“मोजणी?”

“मोजणी झाल्यावर. सायेबांच्या कागदाला सही करू आन् मग.”

धुकं जसं आलं तसंच गेलं. आधी वर एक पिवळा डाग दिसला, मग खडकावरचं पाणी चमकायला लागलं, मग एकाएकी सगळा सडा उघडा पडला. ओला, सोनेरी. गवताच्या प्रत्येक टोकाला थेंब. दूर टेकाडावर आमची माणसं उभी होती. लोखंडेमामा आणि दोन्ही गावांचे चारही पंच एकाच ठिकाणी गोळा होऊन आमच्या नावानं ओरडत होते. मारामारी होणार म्हणून काठ्या घेऊन आलेली माणसं त्या काठ्यांवर धोतरं आणि टॉवेल बांधून आम्हाला खुणा करत होती. आम्ही तिघं येताना दिसलो. मधे मी, आणि दोन्ही बाजूंना ती दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत होती. लोखंडेमामांनी हातातली साखळी खाली टाकली.

“साहेब, काय झालं?”

“मामा, तिसरा दगड सापडणार आहे,” मी म्हणालो.

सापडला. टेपाडावरही नव्हता आणि टेपाडाखालीही नव्हता. बरोबर मधे, करवंदीच्या जाळीत. दोघांनी मिळून जाळी उपटली. उरलेले दगड तासाभरात मिळाले. मी आयुष्यात पुढं पुष्कळ मोजण्या केल्या, पण असं काम पुन्हा कधी पाहिलं नाही. मी टेबलावर रेघ ओढली तर निम्म्याहून जास्त सडा चिवेघरच्या बाजूला गेला. मी जरा चाचरतच ते वाचून दाखवलं. पाणेरीचे पंच हौसाबाईंकडं बघू लागले.

“बरोबर हाय,” हौसाबाई म्हणाल्या. “कुठं सही करू?”

“थांब,” केरबा म्हणाले. “सायेब, त्यात लिवा. गवत दोन्ही गावांनी कापायचं.”

“मोजणीच्या कागदात तसं लिहिता येत नाही.”

“मग दुसऱ्या कागदात लिवा.”

मी माझ्या वहीचं पान फाडून तेही लिहिलं. त्याला सरकारी किंमत शून्य होती. सहांनी सह्या-अंगठे केले आणि लोखंडेमामांनीही हौसेनं आपली सही ठोकली. पाणेरीच्या पंचांना बाईंनी घरी निरोप द्यायला पाठवलं. “मालकांना म्हणावं, भाऊ न्यायला आला. एवढंच सांगा. बाकी त्यांना कळतं.” ते दोघे गवतातून जवळजवळ पळतच गेले.

खरं म्हणजे मला आणि लोखंडेमामांना पाणेरीच्याच बाजूनं उतरायचं होतं; आमची जीप तिकडं होती. पण केरबा म्हणाले, “जीप पळून जात न्हाई. जेवून जायचं.” आणि आम्हालाही नाही म्हणवेना.

चिवेघरची वाट बावीस वर्षांत गवतानं आणि कारवीनं भरून गेली होती. तरी हौसाबाई पुढं. केरबा कोयत्यानं फांदी तोडायला जात, तोवर त्या वाकून पलीकडं गेलेल्या असत. “हितं पायरी हाय,” असं म्हणून पाऊल टाकत आणि पालापाचोळ्याखाली पायरी असे. वाटेत त्यांनी भावाला विचारलं, बायको कुठली केलीस, मुलं किती, म्हशी किती, विहिरीला पाणी आहे का, आणि केरबा शाळेतल्या मुलासारखी एकेक उत्तरं देत उतरत होते. “दोन मुलगे. थोरली पोरगी, अठराची.” लोखंडेमामा मागून मला म्हणाले, “साहेब, माझे गुडघे गेले, पण आज मला काही वाटत नाही.”

गावचं पहिलं घर दिसलं ते केरबांचंच. कौलारू, पुढं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला झेंडूची रांग. उतार संपला, हौसाबाई अंगणाच्या कडेला आल्या आणि तिथं थांबल्या. आतापर्यंत धावत आलेलं पाऊल पुढं पडेना. केरबांनी ते पाहिलं. घराकडं तोंड करून त्यांनी मोठ्यानं हाक मारली:

“हौसेऽऽ! पाणी आण!”

हौसाबाई दचकल्या. मग कमरेवर हात ठेवून भावाकडं वळल्या.

“का रं? आज उंबऱ्यापाशी आणलंस आन् थोरल्या बहिणीला नावानं हाक मारतोस? वर पाणी बी मीच आणू?”

केरबा नुसते दाराकडं बघत होते.

दारातून एक पोरगी आली. उंच, कपाळावर घामानं केस चिकटलेले, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला तांब्या. तीन पाहुणे आणि त्यांतले दोन शहरी कपड्यांतले बघून ती उंबऱ्यावरच बुजली. तिच्यामागून तिची आई डोकावली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

हौसाबाई अंगणातून चालत गेल्या. उंबरा आला, तो ओलांडला आहे हेही त्यांना कळलं नसावं. पोरीच्या समोर उभ्या राहून त्यांनी तिचं तोंड बघितलं, हनुवटीला बोट लावून उजेडाकडं केलं.

“नाव काय गं तुझं?”

“हौसा.”

“पुरं सांग.”

“हौसा केरबा सपकाळ.” पोरगी गोंधळून बापाकडं बघायला लागली.

“परत सांग.”

“हौसा केरबा सपकाळ.”

“आनी एकदा.”

पोरीला आता हसू यायला लागलं होतं. तिनं तिसऱ्यांदाही सांगितलं, मोठ्यानं, शाळेत हजेरी देतात तसं. मागं लोखंडेमामा खो खो हसत होते आणि डोळे पुसत होते, केरबा तुळशीच्या कट्ट्यावर बसले होते आणि मी हातात नकाशाची गुंडाळी धरून अंगणात उभा होतो. तेव्हा कुठं हौसाबाईंनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या, घटाघटा, सगळं पाणी पिऊन टाकलं.